बोटुकलीच्या गाडीची बॅटरी

माझं घर राजुरीत आणि दुकान आळेफाट्यावर, हायवेच्या कडेला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्याला आता तीस वर्षं होतील. या कामात मला कुणी काही शिकवावं अशी वेळ राहिलेली नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. बायको म्हणते, हे लोकांनी म्हणेपर्यंत जरा दम धरला तर काय बिघडेल? पण लोक फार उशीर लावतात, आणि दुकानात गर्दी असते.

कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा तिला लागेल तेवढी वीज ती स्वतः तयार करत असते. पुढचे दिवे, मागचे दिवे, वायपर, हॉर्न, संपलं. मग ती आमच्या भागात येते. टोमॅटोच्या पिकअपला पुढून इतके दिवे लावतात की समोरच्याने डोळे मिटूनच गाडी चालवावी. कोंबड्यांच्या गाडीला पंखे. वरातीच्या गाडीवर भिंतीएवढे स्पीकर. शर्यतीला बैल घेऊन जाणारा एक टेम्पो माझ्याकडे येतो. त्यात बैलांसाठी दोन पंखे आहेत, आणि ड्रायव्हर घामाने निथळत असतो. केबिनला एक लावू का, असं विचारलं तर मालक म्हणाला, "त्याला कुठं पळायचंय?"

हे सगळं लावून झालं की एका सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. मग माझ्याकडे येतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात, "मोठी बॅटरी टाका." मी चिडतो. तुमच्या विहिरीवरची मोटर तीच ठेवली आणि टाकी दुप्पट बांधली, तर पाणी वाढेल का, असं विचारतो. बॅटरी ही टाकी, आणि इंजिनाच्या जोरावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर ही मोटर. मोटर भरते, टाकी नुसती साठवते. म्हणून आधी मोटर बघू. शेतकऱ्याला हे एवढ्यात कळतं, शिकलेल्यांना जरा वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना ऐकवतो. अल्टरनेटरच्या अंगावर जो आकडा लिहिलेला असतो, तो इंजिन जोरात फिरत असतानाचा. गाडी नुसती उभी राहून घरघरत असली की तोच अल्टरनेटर निम्म्याहून कमी वीज देतो. वरातीची गाडी तीन-तीन तास पावलापावलाने सरकते. इंजिन हळू आणि गाणं जोरात. मालकाने मोठ्या आकड्याचा अल्टरनेटर बसवून छाती काढलेली असते, आणि नवरदेव मांडवात पोचायच्या आत गाणं बसतं. म्हणून माझा नियम असा, की गाडी जागेवर घरघरत असताना अल्टरनेटर जेवढं देतो त्यात सगळा खर्च भागला पाहिजे आणि वर थोडं उरलं पाहिजे. या एका नियमावर माझं दुकान चाललं आहे, आणि चांगलं चाललं आहे.

दोन वर्षांमागची गोष्ट. मृग सरत आला होता. डिंगोऱ्याचा एक गाडीवाला दुकानी आला. सहा चाकी ट्रक त्याचा, एरवी कांदा-टोमॅटो वाहतो, माझं जुनं गिऱ्हाईक. बरोबर पन्नाशीच्या एक बाई होत्या. अंगावर नऊवारी, हातात एसटीचं तिकीट अजून घडी करून धरलेलं. डिंभ्याच्या वर, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरात त्यांचं गाव. भात, नाचणी, वरई पिकवणारी माणसं. गावाला एक तलाव आहे, आणि त्रेचाळीस घरांनी मिळून त्यात मासे पाळायचं काढलं होतं. बाई त्या समूहाच्या अध्यक्ष. मी त्यांना ताई म्हणालो, त्या मला मिस्तरी म्हणाल्या, आणि ते तसंच राहिलं.

मासे पाळायचे तर आधी तलावात बी सोडावं लागतं. बी म्हणजे बोटाएवढी पिल्लं, रोहू-कटल्याची. त्यांना बोटुकली म्हणतात. ती मिळतात खाली, पूर्वेकडच्या एका मत्स्यबीज केंद्रात, आणि तिथून तलावापर्यंत चार-साडेचार तासांचा रस्ता आहे. ट्रकवर मोठी टाकी ठेवायची, तिच्यात पाणी आणि हजारोंनी बोटुकली, आणि त्या पाण्यात पंपाने सारखी हवा सोडत राहायचं. हवा थांबली की थोड्या वेळात पिल्लं वर येऊन तोंडं उघडतात, आणि मग उलटी होतात.

"दोन वर्सं आमी मेलेलं बी घेऊन गेलो, मिस्तरी," ताई म्हणाल्या. "मागल्या साली तर निम्म्याच्या वर पोटं वर करून आली. लोकं म्हणत्यात, हे काय आपलं काम न्हवं. यंदा मेलं तर समूह मोडतोय बघा. मंग हायेच नारायणगावला टोमॅटो तोडाया जाणं. घराला कुलूप लावून."

त्यांनी हे रडत सांगितलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं, आणि ट्रककडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याच्यात काय बिघडतंय तेवढं बघा."

मी बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. ट्रक चोवीस व्होल्टचा. त्यात बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस केलेले असतात. हवेचे पंप मात्र बाराचे होते. मग कुणीतरी डोकं चालवून सगळे पंप दोनपैकी एकाच बॅटरीवर टाकले होते. टेपरेकॉर्डरसाठी हे असलं आमच्याकडे सर्रास करतात. बिचारी एक बॅटरी उपसून उपसून रिकामी होते, दुसरी भरलेली असताना तिच्यात आणखी कोंबलं जातं आणि ती उकळते. जोडीतल्या एकाच बैलाला सगळी ओढ, आणि दुसऱ्याला दुप्पट चारा.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"म्याच," गाडीवाला म्हणाला. "चालत व्हतं की, राव."

"चालत होतं, मंचरपर्यंत!" मी ओरडलो. ताईंनी तोंडाला पदर लावला, पण मला हसू दिसलं.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो, आणि खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला फार मजा आली. बाराचे पंप काढून टाकले. चोवीसचे दोन ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारी यंत्रं, आणवले आणि दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार येईल असे जोडले. क्लॅम्प मीटर लावून एकेकाचा घास मोजला. ब्लोअर प्रत्येकी दहा अँपिअर, म्हणजे वीस. दिवे, वायपर आणि बाकीचं बारीकसारीक मिळून आणखी अठरा. एकूण अडतीस. गाडीवर अल्टरनेटर होता पंचेचाळीसचा. कागदावर पुरेसा वाटतो. पण इंजिन घरघरत ठेवून मोजलं तर तो अठराच्या वर सरकेना. मंचरला गाडी अर्धा तास अडकली की तेवढा वेळ सगळं बॅटरीच्या जिवावर. मी ऐंशीचा घेतला, जो जागेवरसुद्धा चाळीस देतो. त्याला जुना पट्टा पुरत नाही, म्हणून पुली आणि पट्टा बदलला. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर जाड घातली, कारण नवी मोटर बसवून जुन्या बारक्या पाइपातून पाणी ओढणारे महाभाग मी पाहिले आहेत.

बॅटरीचं काय, असं गाडीवाल्याने विचारलं. त्या दोन्ही उकळून आणि आटून गेल्या होत्या, म्हणून ऐंशीच्याच दोन नव्या घेतल्या. "जरा मोठ्या घेऊ का?" तो म्हणाला. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तरी हिशोब करून दाखवला. इंजिन बंद असताना ब्लोअर किती वेळ चालवायचे? मी विचारलं, "तळ्यावर माल उतरवायला किती वेळ लागतो?" तो म्हणाला अर्धा तास. ताईंनीही मान हलवली, अर्धाच तास. वीस अँपिअर, अर्धा तास, म्हणजे दहा. बॅटरीतलं निम्म्याच्या वर कधी उपसायचं नाही, म्हणजे वीसची पुरे. मी ऐंशीची दिली होती. चौपट!

"ताई," मी म्हणालो, "यंदा एक जरी पिल्लू मेलं तर दुकानाला कुलूप लावीन."

"एकबी मेलं न्हाई आसं व्हत न्हाई," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुमी दुकान उघडंच ठेवा. निम्म्याच्या वर जगली तरी समूह टिकंल."

आषाढात बी आणायचा दिवस ठरला, तसा मीही ट्रकमध्ये बसलो. जायची गरज नव्हती. पण आपण केलेलं काम चालताना बघायची हौस मला आहे, आणि कुणीतरी कौतुक करावं हीही हौस आहे. पहाटे केंद्रावर टाकी भरली. उजाडता उजाडता निघालो. आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं. मंचरला नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग. मी मीटर हातात धरून बसलो होतो. ट्रक जागेवर घरघरत होता, ब्लोअर दोन्ही चालू, आणि तरी बॅटरीत वीज जातच होती, बाहेर येत नव्हती. गाडीवाल्याला काटा दाखवला. तो म्हणाला, "मानलं, भाऊ." घोडेगाव सुटेपर्यंत मी त्याला हे तीनदा म्हणायला लावलं.

डिंभ्याच्या पुढे धुकं आणि बारीक भुरभुर सुरू झाली. भाताची खाचरं लावून झाली होती. दहाच्या सुमारास तलावावर पोचलो. मी टाकीवर चढून झाकण उघडलं. पाणी नुसतं खदखदत होतं, आणि पिल्लं अशी सळसळत होती की मलाच शिट्टी वाजवावीशी वाटली. ताई काठावर उभ्या होत्या. त्याही चाकावर पाय देऊन वर आल्या, वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. "जित्ती हायेत," एवढंच म्हणाल्या.

गाडीवाल्याने ट्रक मागे घेऊन मागचं तोंड पाण्याकडे केलं. पुढे चढ. आणि चावी फिरवून त्याने इंजिन बंद केलं.

"बंद कशाला केलं?" मी म्हणालो. "उतरवेपर्यंत चालू राहू दे."

"पाण्यापाशी इंजिन न्हाई चालत," ताई म्हणाल्या. "धूर पाण्यावर जातो. आन् तळ्यात आसरा हायेत, त्यांच्याम्होरं गाडी घरघर करत उभी करायची न्हाई."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. ठीक आहे, मी मनात म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. ताईंनी काठावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, भाताची मूठ ठेवली. दहा मिनिटांत झालं. मी पाइप लावायला पुढे झालो, तर कुणीच हलेना. सगळे वाटेकडे बघत उभे.

तेव्हा मला कळलं की तिथली रीत काय आहे. बी सोडायच्या आधी समूहातल्या प्रत्येक घराने आपल्या हंडीने तलावातलं पाणी घेऊन ट्रकच्या टाकीत ओतायचं. टाकीतलं थोडं पाणी खालून सोडत राहायचं आणि वरून एकेका घराचं पाणी पडायचं. खालच्या उष्ण भागातलं पाणी आणि डोंगरातलं गार पाणी असं हळूहळू एक होतं, पिल्लांना धक्का बसत नाही. आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरांचा हात लागल्याशिवाय एकही पिल्लू तलावात जायचं नाही, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हे बी माझं नव्हतं. घरं एका जागी नाहीत. चार वाड्या, त्यातली एक डोंगराच्या पलीकडच्या उतारावर.

"किती वेळ चालतं हे?" मी विचारलं.

"सगळी येस्तवर," ताई म्हणाल्या. "दोन तास, अडीच तास. पावसावर हाय."

मी गाडीवाल्याकडे वळलो. तो आधीच दुसरीकडे बघत होता. "तू अर्धा तास म्हणाला होतास!"

"तुमी उतरवाया किती लागतो इचारलं, राव. उतरवाया अर्धाच तास लागतो. हे काय उतरवणं न्हाई. आन् मागली दोन्ही वर्सं हितं येस्तवर पंप बसलेलंच आसायचं, मंग इंजिन बंद काय आन् चालू काय."

त्याचं बरोबर होतं. मला इतका राग आला होता, आणि रागवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो की गाडी उभी असते तेव्हाचं बघा, आणि या गाडीबाबत मी फक्त इंजिन चालू असलेली उभी गाडी पाहिली होती. वीस अँपिअर, अडीच तास, पन्नास. ऐंशीच्या बॅटरीतून. त्यातही असं भरभर उपसलं की ऐंशीची बॅटरी ऐंशी देत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे ब्लोअर आणि सेल्फ एकाच बॅटरीवर होते. दुसरी जोडी वेगळी ठेवायची अक्कल मला झाली नव्हती, कारण मी चौपट दिली आहे या घमेंडीत होतो.

माणसं येत होती. कुणी डोक्यावर इरलं घेऊन, कुणी प्लास्टिकचा कागद. हंडी भरायची, टाकीवर चढायचं, ओतायचं, हात जोडायचे, उतरायचं. ताई बोटांच्या पेरांवर घरं मोजत होत्या. मी मीटर बघत होतो. काटा पंचवीस व्होल्टवर होता तो साडेचोवीसवर आला. चौदा घरं झाली. चोवीस झाला. बावीस घरं. सव्वा तास झाला असेल, ब्लोअरचा आवाज बदलला. बाकी कुणाला तो कळला नसेल, मला कळला. थोड्या वेळाने तेविसाच्या खाली गेला, आणि टाकीत दोन-चार पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली.

मी ताईंना बाजूला घेतलं. "ताई, चूक माझी आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी दुकानात कधी उच्चारलेलं नाही. "बॅटरी बसत चालली. इंजिन चालू नाही केलं तर हवा बंद पडणार. असंच आत्ता तलावात सोडता येईल का?"

"न्हाई. पानी अजून एक झालं न्हाई. गारठून मरत्याल." त्या वाटेकडे बघत होत्या. एकोणीस घरं यायची होती. मग त्यांनी तलावाकडे पाहिलं, आणि लोकांकडे. आपणच पाळत आलेली रीत सगळ्यांसमोर मोडायची, हे सोपं नव्हतं. "लावा इंजिन," त्या म्हणाल्या. "आसरांना मी सांगते काय सांगायचं ते."

गाडीवाला केबिनमध्ये गेला. चावी फिरवली. कट्ट. पुन्हा फिरवली. कट्ट. पाण्याने भरलेला ट्रक, पुढे चढ आणि मागे तलाव. ढकलून चालू करायचा प्रश्नच नव्हता. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

एक माणूस म्हणाला, "ह्या साली बी तेच झालं म्हणा की."

ताई टाकीवर चढल्या. आपली हंडी टाकीतच बुडवली, वर उचलली, डोक्याच्याही वर नेली आणि तिथून पाणी परत टाकीत सोडलं. लांब धार पडली, पाण्यावर फेस आला. पुन्हा बुडवली, पुन्हा उंचावरून ओतली. "बघत काय राह्यलाव?" त्या ओरडल्या. "धार वरून सोडा, हवा आत गेली पायजे! ज्यांचं वतून झालंय त्यांनीबी या!"

बायका चढल्या, पुरुष चढले. टाकीच्या चारी बाजूंना माणसं. हंड्या, कळश्या, एक स्टीलचं पातेलं. मी एक ब्लोअर काढून टाकला आणि उरलेली वीज दुसऱ्याला दिली. तो कण्हत का होईना, चालू राहिला. मग मीही चढलो. माझं वय आणि माझं पोट दोन्ही या कामाची नाहीत. कुणीतरी हातात कळशी दिली. बुडव, उचल, सोड. दहा मिनिटांत खांदे भरून आले. शेजारची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "दमलं का पावणं?" म्हणून थांबताही येईना. मधेच नवीन घर यायचं, त्याला वाट करून द्यायची, त्याने तलावाचं पाणी ओतलं की पुन्हा सगळे सुरू. ते दमून आलेले असले तरी ओतून झाल्यावर उतरायचे नाहीत, तिथेच आमच्यात मिसळायचे. टाकीवर जागा पुरेना, तेव्हा पाळ्या लावल्या.

सव्वा तास आम्ही हे केलं. ब्लोअर मधेच केव्हातरी बंद पडला. पण वर येऊन तोंड उघडणारी पिल्लं पुन्हा खाली गेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला रडू आलं. भुरभुर चालू होती, त्यामुळे कुणाला कळलं नसावं. शेवटी पलीकडच्या उतारावरची एक म्हातारी आली, काठी टेकत, हातात हंडी नव्हती, पितळी लोटा होता. तिला चौघांनी उचलून वर घेतलं. तिने लोटा ओतला. ताईंनी शेवटचं पेर मोजलं. त्रेचाळीस.

मी पाइपकडे धावलो.

"थांबा मिस्तरी," ताई म्हणाल्या. "अजून एक घर राह्यलंय." आणि त्यांनी आपली हंडी माझ्यापुढे धरली.

मी म्हणालो, मी राजुरीचा, माझा यात काय संबंध, आणि वर हे सगळं माझ्यामुळेच झालं.

"पानी वतलं न्हवं तुमी आमच्या संगं? मंग झालं," त्या म्हणाल्या. "तळ्यातलं घ्या. तुमचं चव्वेचाळीसावं."

मी काठावर गेलो, चपला काढल्या, हंडी भरली. एवढ्या माणसांसमोर पुन्हा टाकीवर चढलो. ओतलं, हात जोडले. मग बोटुकली सोडली. पाइपातून ती काळसर धार तलावात उतरली आणि पसरून नाहीशी झाली. टाकीच्या तळाशी मेलेली राहिली ती ताईंनी घमेल्यात काढली. घमेलं निम्मंसुद्धा भरलं नाही. ते उचलून त्यांनी मघाशी 'तेच झालं' म्हणणाऱ्या माणसापुढे नेऊन ठेवलं.

ट्रक दुपारी निघाला, गावातल्या दोन ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्या काढून, एकामागे एक जोडून. ते जोडकाम मीच केलं आणि कुणालाही हात लावू दिला नाही. निघताना ताई खिडकीशी आल्या. "आता दरसाल यायचं," त्या म्हणाल्या. "तुमी आल्याबिगर बी सुटायचं न्हाई, ध्यानात ठेवा. मंग उशीर करू नगा."

थंडीत तलावात पहिलं जाळं पडलं. समूह मोडायचं कुणी बोलत नाही, उलट दोन घरं नव्याने आली आहेत, असं ताईंनी फोनवर सांगितलं. चव्वेचाळीसावा वाटा म्हणून गाडीवाल्याच्या हाती दोन मोठे रोहू माझ्या घरी आले. बायको म्हणाली, डोंगरात घर केव्हा केलंत, मला सांगितलंही नाही. मासे मात्र तिने झकास केले.

पुढच्या वर्षी बी आणायच्या आधी ट्रक दुकानात घेतला. सेल्फच्या बॅटऱ्यांची जोडी वेगळी केली, तिला ब्लोअरने हात लावायचा नाही. ब्लोअरसाठी दुसरी जोडी बसवली, आणि इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही एकत्र भरतील असा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, मधे घातला. किती मोठी घ्यायची ते मी पाटीवर खडूने मांडत होतो. वीस अँपिअर, तीन तास, साठ. निम्म्याच्या वर उपसायचं नाही, एकशेवीस. गाडीवाला मागे उभा राहून वाचत होता. मी तीन खोडून चार केले. ऐंशी. एकशेसाठ. आणि एकशेऐंशीच्या दोन बॅटऱ्या मागवल्या.

"तीन तासाला दीडशेची रग्गड झाली आसती, राव," तो म्हणाला. "तुमीच सांगता, टाकी उगाच मोठी करू नये. एक तास कुनासाठी वाढावला?"

"एक घर फार लांब आहे," मी म्हणालो. "पार राजुरीला."